वय वर्षे नऊ

माणसानं मोठं व्हावं की नाही, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे. आमच्या कचेरीतल्या मास्टरांनी तो फार लवकर निकालात काढला होता. ते झालेच नव्हते. मी नोकरीला लागलो तेव्हा ते पन्नाशीच्या आसपास होते, अव्वल कारकून होते, त्यांना मधुमेहाची सुरुवात झालेली होती, आणि ते बालकलाकार होते. एके काळी होते असं मी म्हणत नाही. त्या दिवशी, सकाळी साडेदहा वाजता, सरकारी खुर्चीत बसून ते बालकलाकार होते.

जुन्या सिनेमांत लहान मुलांच्या नावामागं ‘मास्टर’ लावायचे. मिसरूड फुटलं की ते आपोआप गळून पडायचं. यांचं मिसरूड फुटलं, त्याची मिशी झाली, ती पिकली, तिला कलप लागला, तरी ‘मास्टर’ जागच्या जागी. हजेरीपटावरची सहीसुद्धा ‘मास्टर’पासून सुरू व्हायची आणि तिच्या खाली बारीक अक्षरांत ‘बालकलाकार’ असं लिहिलेलं असायचं. बाहेरून कामाला आलेल्या लोकांना मात्र ते शिंपी वाटत. गुलमंडीतल्या एका म्हाताऱ्यानं तर दाखल्याच्या अर्जासोबत सदऱ्याचं कापडही आणलं होतं.

उंची पाच फुटांच्या अलीकडंच थांबलेली. “शरीराला कळतं, आपल्याकडून काय अपेक्षा आहे,” असं ते यावर म्हणायचे. कपाळावर एक कुरळी बट, खोबरेल तेलानं चिकटवलेली. सिनेमात म्हणे हीच बट होती. तेव्हा ती जागची होती. आता ती मानेपासून ओढून आणून, टकलावरून प्रवास घडवून, कपाळावर वळवलेली असायची. आणि कुणी उजवीकडून हाक मारली तर मास्टर नुसती मान वळवत नसत, आख्खी खुर्ची फिरवून बसत. कॅमेऱ्याला त्यांची डावी बाजू आवडायची. कॅमेऱ्यानं त्यांना शेवटचं पाहून चाळीस वर्षं उलटली होती, पण जगाला उजवी बाजू दाखवायची नाही हा नेम त्यांनी मोडला नव्हता.

कँटीनमध्ये आम्ही सगळे चहा घ्यायचो, मास्टर दूध. वर दोन चमचे साखर. रहीमचाचा म्हणून आमचा जुना शिपाई होता, उर्दू शाळेत शिकलेला, बोलायला अस्सल दखनी. तो लांबूनच हाक द्यायचा, “आओ जी मास्टर, बच्चे का दूद ठंडा हो रा.” मास्टरांना यात काही टोचतंय हे कधी कळलंच नाही. ते गालात हसून कपावरची बशी उचलायचे. हो, बशी. मास्टरांचं दूध असो, भजी असोत, नाहीतर कुणाच्या बढतीचा पेढा असो, ते येईपर्यंत त्यावर बशी पालथी घालून ठेवावी लागायची. यामागं कारण होतं, आणि ते कारण म्हणजेच मास्टरांचं समग्र जीवन.

निजामाचं राज्य गेलं, त्या पोलीस ॲक्शननंतर दोनेक वर्षांनी कोल्हापूरकडची एक फिल्म कंपनी शूटिंगसाठी वेरूळला आली होती. मास्टरांचे वडील गुलमंडीत एका कापडाच्या दुकानात मुनीम होते. ते मुलाला गंमत दाखवायला घेऊन गेले आणि मुलालाच कंपनीनं ठेवून घेतलं. सिनेमा कुठल्याशा संताचा होता. त्यात पाटलाच्या एकुलत्या एक मुलाला साप चावतो, आणि संत त्याला शेवटी उठवतात. मुलगा पहिल्या अर्ध्या तासात मरायचा, शेवटच्या पाच मिनिटांत जिवंत व्हायचा. मधला दीड तास तो चादरीखाली. 

“चादरीखाली पण मीच होतो,” मास्टर सांगायचे. “ते म्हणाले, दुसरा पोरगा झोपवतो, तू खेळ जा. मी म्हटलं, नाय. प्रेक्षकाला कळतं.”

मरताना त्या मुलाला एक डायलॉग होता. तो आमच्या कचेरीतल्या भिंतींनासुद्धा पाठ होता. “आई, मी जातो. रडू नको. माझ्या वाटणीचा घास झाकून ठेव. मी परत येईन.” एवढाच. या चार वाक्यांवर माणसानं पन्नास वर्षं काढली. मास्टर रोज पावणेसहाला कपाटाला कुलूप लावायचे, दाराशी थांबून डावी बाजू आमच्याकडं करायचे, छातीवर हात ठेवायचे, आवाज नऊ वर्षांच्या मुलाचा करायचे आणि हा डायलॉग म्हणून सायकल काढायचे. आवाजाचं काय सांगू. दार बिजागरीत अडकलं की जसं बोलतं, तसा.

कामाला आलेल्या माणसाला आधी ही कथा ऐकावी लागे, मग शिक्का. एकदा फुलंब्रीकडचा एक मेंढपाळ जातीच्या दाखल्यासाठी आला होता. बिचारा मास्टरांसमोर उकिडवा बसून तासभर ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, “सायेब, येक इच्यारू का?”

“विचार की.”

“त्ये पोरगं म्येलं का जित्तं हाय, तेवढं सांगा. म्हंजी मला येस्टी गाठाया बरं.”

मास्टरांना वाटलं, कथेचा परिणाम झाला. त्यांनी त्याला शेवटच्या पाच मिनिटांची हकिकत पुन्हा सांगितली. त्याची एस्टी गेली.

आता हे कचेरीपुरतं असतं तर गोष्ट वेगळी. पण मास्टर सार्वजनिक होते. आमच्या एका सहकाऱ्याची आई गेली. वय नव्वद, सगळं सुखानं झालेलं. स्मशानात दोन माणसं चार शब्द बोलली, आणि कुणी थांबवायच्या आत मास्टर पुढं झाले. त्यांनी छातीवर हात ठेवला आणि चितेकडं डावी बाजू करून सुरू केलं, “आई, मी जातो. रडू नको.” गेली ती आई, जातो म्हणणार हे, आणि रडू नको ते नेमकं कुणी, याचा हिशेब लावत सगळे उभे. “मी परत येईन,” असं मास्टर म्हणाले तेव्हा मागं बसलेला गावाकडचा एक बहिरा म्हातारा शेजाऱ्याला मोठ्यानं म्हणाला, “कोण म्हंतोय परत येतो म्हून? आता पेटिवल्याबिगर जाऊ नगा.”

विमानतळाची गोष्ट याच्याही वरची. अजिंठा-वेरूळ बघायला सिनेमातली माणसं चिकलठाण्याला उतरत. पेपरात बातमी आली की मास्टर किरकोळ रजा टाकून, हार घेऊन विमानतळावर. “आमच्या लाइनीतली माणसं आहेत, गेलं पाहिजे,” असं कारण अर्जात लिहायचे. एकदा त्यांच्या सिनेमात त्यांची आई झालेली बाई येणार होती. मास्टरांनी दोन दिवस आधीपासून दुधात हळद घालून घेतली. गळ्यासाठी. मी मुद्दाम बरोबर गेलो. अशी संधी सोडणारा मी नव्हे.

बाई बाहेर आल्या. थकलेल्या होत्या, पांढरे केस, हातात काठी, खांद्याला पर्स. मास्टर हार घेऊन आडवे गेले आणि त्यांनी “आई” अशी हाक मारली. बाईंनी काळा कलप लावलेल्या, टकलावर बट चिकटवलेल्या त्या गृहस्थाकडं पाहिलं. मास्टरांनी संपूर्ण डायलॉग म्हटला. बाई शांतपणे ऐकत होत्या. संपल्यावर त्यांनी खांद्यावरची पर्स काढून मास्टरांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, “गाडी कुठं लावलीय?” हॉटेलवाल्यानं पाठवलेला माणूस समजल्या. मास्टरांनी ती पर्स दोन्ही हातांवर धरून गाडीपर्यंत नेली, दार उघडलं, दार लावलं. गाडी गेली. हार त्यांच्याच हातात राहिला होता.

परत येताना स्कूटरवर मागं बसून ते मला म्हणाले, “ओळखलं त्यांनी. पर्स दिली. परक्या माणसाला कुणी पर्स देतं का?”

मी ही गोष्ट दुसऱ्या दिवशी कचेरीत सहा वेळा सांगितली. पर्स धरून, चालून, दार उघडून. माझी नक्कल बरी होते असं लोक म्हणतात. मास्टरांचा डायलॉग तर मी त्यांच्यापेक्षा बरा म्हणायचो, असंही लोक म्हणायचे. मी नाकारत नसे.

त्यांची कारकीर्द कशी संपली ते त्यांनी एकदाच सांगितलं, तेही अर्धवट. दुसऱ्या सिनेमाचं शूटिंग चालू असताना त्यांचा आवाज फुटला. भर शॉटमध्ये, एका वाक्याच्या मधोमध. सेटवर लोक हसले. दिग्दर्शकानं पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, “मोठा झालास.” दुसऱ्या दिवशी वडील त्यांना रेल्वेत बसवून घरी घेऊन आले. “मोठा झालास,” हे शब्द मास्टर असे उच्चारत, की ऐकणाऱ्याला वाटावं कुणी आईवरून शिवी दिली.

पण जाताना कंपनीनं एक चांदीचं पदक दिलं होतं, पहिल्या सिनेमाबद्दल. ते मास्टरांच्या टेबलामागं भिंतीवर, निळ्या मखमलीवर बसवून, काचेच्या चौकटीत टांगलेलं असायचं. दर गुरुवारी ते चौकट उघडून दात घासायच्या पांढऱ्या पावडरीनं पदक चमकवत. त्यावर त्यांचं पडद्यावरचं नाव कोरलेलं होतं, आडनाव नाही. खाली ‘उत्कृष्ट बालकलाकार’, त्याखाली ‘वय वर्षे ९’, आणि त्याखाली साल. वीस वर्षं ते पदक भिंतीवर होतं. कचेरीत येणाऱ्या-जाणाऱ्या शेकडो लोकांनी ते पाहिलं. साल आणि वय, दोन्ही ढळढळीत. वजाबाकी कुणी केली नाही.

ती मी केली.

मी आस्थापनेच्या टेबलावर होतो. पुढच्या वर्षी कोण कोण निवृत्त होणार, याची यादी माझ्याकडं असायची. अठ्ठावन्न पूर्ण झालं की घरी. एका दुपारी सेवापुस्तकं चाळता चाळता मास्टरांची जन्मतारीख डोळ्यांखालून गेली, आणि समोर पाहतो तर भिंतीवर पदक. माझ्या ओठांवर हसू आलं. मी चहापर्यंत धीर धरला आणि कँटीनमध्ये सगळ्यांसमोर म्हणालो, “मास्टर, पदकाच्या हिशेबानं तुम्ही नऊ वर्षांचे होता, तेव्हा सरकारच्या हिशेबानं सहाच वर्षांचे होता. म्हणजे तुम्ही दुधाचे दात घेऊन मेलात.”

लोक हसले. रहीमचाचा किटली खाली ठेवून हसला. मास्टरही हसले. म्हणाले, “कलावंताला वय नसतं हो.” आणि त्यांनी बशी उचलून दूध प्यायलं.

एकच माणूस हसला नाही. टोणपे. मास्टरांच्या पाठोपाठ अव्वल कारकून होणार होता तो, ते निवृत्त झाले की. त्यानं खिशातून पेन्सिल काढली आणि साखरेच्या पुडीच्या कागदावर काहीतरी लिहिलं. भर मैफलीत जो हसत नाही त्याच्यावर लक्ष ठेवावं, हे शहाणपण मला तेव्हा नव्हतं. मी टाळ्या घेण्यात गुंतलो होतो.

आठवड्यात साहेबांकडं निनावी अर्ज आला. मास्टरांनी वय तीन वर्षांनी कमी दाखवलं आहे, ते आत्ताच अठ्ठावन्नाचे झाले आहेत, पुरावा त्यांच्याच डोक्यावर टांगलेला आहे. अक्षर टोणपेचं नव्हतं. टोणपेच्या मुलीचं असावं, फार वळणदार होतं.

मास्टर चार दिवस कामावर आले नाहीत. मी त्यांच्या घरी गेलो. सहानुभूतीसाठी गेलो असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे बघायला गेलो. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या. मास्टर खिडकीशी बसले होते आणि बट विस्कटलेली होती. त्या माणसाला मी पहिल्यांदाच कपाळावर काही नसताना पाहत होतो. त्यांची मुलगी आतल्या खोलीत दार लावून अभ्यास करत होती. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती ती.

त्यांच्या बायकोनं माझ्यापुढं चहा ठेवला. बाई स्पष्ट बोलणारी. नवऱ्याकडं न बघता मला म्हणाली, “भाऊजी, तुमीच सांगा यांना. आज घरी बसवलं तर पोरीचं शिक्षण अर्ध्यावर. फसवणूक म्हनले तर पेन्शन पन अडकल. अन् हे म्हंतात, खोटं कसं बोलू.”

“वय कुणी लिहिलं ते मला काय माहीत,” मास्टर खिडकीतूनच म्हणाले. “निजामाच्या शाळेतलं दप्तर. मी सहीसुद्धा करू शकत नव्हतो तेव्हा.”

“ते नाय मी म्हनत,” बाई म्हणाली. “पदकावरचं पोरगं मी नाय, एवढंच म्हना. आडनाव हाय का त्यावर? नाय ना.”

मास्टरांनी खिडकीचं एक दार लावून घेतलं.

“लगीन झाल्यापास्नं ते पोरगं घरात हाय भाऊजी. जेवायला बसलं की हाय, पाहुने आले की हाय. मला दोन लेकरं झाली, पन ह्याचं कौतुक काय सरंना. मरू द्या म्हनावं त्याला आता.”

मी चहा संपवला. ती वजाबाकी माझी होती, हे सांगायला माझी जीभ रेटली नाही. पायऱ्या उतरताना मात्र मी मनातल्या मनात पैज लावली. हा माणूस वाकणार नाही. हा चौकशीत उभा राहून डायलॉग म्हणेल, स्वतःला बुडवेल, आणि मला आयुष्यभर सांगायला गोष्ट देऊन जाईल.

साहेब भला होता. त्याला फाईल बंद करायची होती. त्यानं मास्टरांच्या शाळेतून जुनी नोंदवही मागवली. ती उर्दूत, आणि सन फसली, निजामाच्या राज्यातला. कचेरीत उर्दू वाचणारा एकच, म्हणून रहीमचाचाला आत बोलावलं. चाचानं चष्मा लावला, पान उजेडाकडं धरलं.

“साब, महीना है. दिन है. सन का तेरा सौ पचास तक है.”

“आणि पुढचा आकडा?”

“वो कीडा खा गया साब.”

साहेबानं पान स्वतः पाहिलं. शेवटच्या आकड्याच्या जागी कसरीनं सुबक, गोल भोक पाडलेलं होतं. त्या भोकातून पलीकडचं टेबल दिसत होतं. दप्तर इंग्रजी सनात उतरवणाऱ्यानं त्या काळी तिथं आपल्या मनाचा आकडा घातला असणार. म्हणजे आता दप्तराची साक्ष संपली. उरलं फक्त पदक.

दुसऱ्या दिवशी मास्टरांना बोलावलं. जबाब लिहून घ्यायला मी. झुलत्या दाराबाहेर सगळी कचेरी उभी असल्याचं खालून पायांवरून दिसत होतं. टोणपेच्या चपला सर्वांत पुढं. साहेबाच्या टेबलावर चौकट ठेवलेली होती. मास्टर आले, बसले.

“हे पाहा,” साहेब म्हणाला, “विचार करून बोला. या पदकावरचा मुलगा तुम्ही असाल, तर तुमची सेवा संपली, वर चौकशी. नसाल, तर फाईल आत्ता बंद करतो. हा मुलगा तुम्ही आहात का?”

“नाही साहेब.”

मी पेन टेकवलं आणि ते तिथंच राहिलं. 

“सहीखाली बालकलाकार लिहिता ते?”

“हौस.”

“आणि तो डायलॉग रोज म्हणता म्हणे.”

“हौसच ती.”

“मग हा मुलगा कोण?”

“आमच्या चुलत घरातला होता. चांगलं काम करायचा.”

“आता कुठं असतो?”

“वारला.”

“कधी?”

“लहानपणीच.”

छातीवर हात गेला नाही. आवाज चढला नाही, कापला नाही. त्यांनी खुर्चीसुद्धा फिरवली नव्हती. साहेब त्यांच्या उजव्या हाताला बसला होता, आणि उजवी बाजू सगळी उघडी होती. मी त्यांचा शेकडो वेळा पाहिलेला अभिनय कवडीमोलाचा होता, हे माझं मत आजही कायम आहे. पण त्या दिवशी त्या खोलीत त्यांनी जे केलं ते पाहून साहेबानं क्षणभर मान खाली घातली, त्या मेलेल्या मुलासाठी.

मी ‘हौस’ हा शब्द दोनदा लिहिला, मग ‘वारला’ लिहिलं आणि कागद त्यांच्यापुढं सरकवला. त्यांनी सही केली. नाव आणि आडनाव. मागं काही नाही, खाली काही नाही.

“हे घेऊन जा,” साहेब चौकटीकडं बोट दाखवून म्हणाला.

“माझं नाही ते,” मास्टर म्हणाले, आणि गेले.

अशा रीतीनं ते पदक फाईलसोबत माझ्या कपाटात आलं. टोणपे रक्तदाबाच्या गोळ्या घेऊ लागला. आणि कचेरीला, म्हणजे आम्हाला, सुटका मिळाली. पावणेसहाला मास्टर कपाटाला कुलूप लावायचे आणि सरळ बाहेर पडायचे. भिंतीवर पदकाच्या जागी एक फिकट चौकोन राहिला होता. कँटीनमध्ये ते चहा घेऊ लागले, बिनसाखरेचा. रहीमचाचानं पहिल्या दिवशी सवयीनं कपावर बशी घातली होती. मास्टर म्हणाले, “कशाला? चहाच तर आहे.” कपाळावरची बट गेली, मग कलप गेला, आणि सहा महिन्यांत आमच्यासमोर एक ठेंगणा, पांढरा, उजवी-डावी बाजू सारखीच असलेला म्हातारा बसू लागला. कामं मात्र भराभर व्हायला लागली. जनतेचा फायदा झाला, हे मान्य करायला हवं.

मी त्यांची नक्कल करून पाहिली एकदोनदा. लोक हसत नव्हते. नक्कल चालायला माणूस समोर असावा लागतो. माझं एका नगाचं नुकसान झालं होतं, आणि ते मीच करून घेतलं होतं.

त्या विषयावर ते माझ्याशी एकदाच बोलले. तिसऱ्या वर्षी मी निवृत्तीची यादी त्यांच्यासमोर सहीला ठेवली. तीत त्यांचंच नाव पहिलं होतं. त्यांनी ती वाचली आणि म्हणाले, “वजाबाकी चांगली आहे तुमची.” मी यादी उचलून जागेवर येऊन बसलो.

निरोप समारंभ शेवटच्या दिवशी चारला कचेरीतच होता. साहेब नवा आला होता, त्याला जुनं काही ठाऊक नव्हतं. शाल, नारळ, हार, सगळं रीतीप्रमाणं. आदल्या दिवशी मी कपाट उघडून पदक काढलं होतं. तीन वर्षांत ते काळंठिक्कर पडलं होतं. मी पांढऱ्या पावडरीनं घासलं, आणि नारळाच्या पिशवीत तळाशी ठेवून दिलं. बंद झालेल्या फाईलमधून काय गेलं ते सरकारला कळत नाही. 

मास्टरांची मुलगी आईला घेऊन आली होती. तिला पुण्यात नोकरी लागली होती. मुलीनं बापाचा हार सरळ केला, बाई भिंतीवरच्या चौकोनाकडं पाहत बसली.

चार भाषणं झाली. टोणपेचं सर्वांत मोठं. मग मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, “मास्टर, आज तरी होऊन जाऊ द्या.” आता हातात निवृत्तीचा आदेश होता, नोकरी संपली होती, कोण काय करणार होतं? सगळे त्यांच्याकडं पाहायला लागले. रहीमचाचानं त्यांच्या पुढ्यात फराळाची बशी ठेवली आणि न बोलता तिच्यावर दुसरी पालथी घातली.

मास्टर उठले नाहीत. “कसलं काय आता,” एवढंच म्हणाले. “तो मुलगा गेला.”

 अशा वेळी शहाणा माणूस आभार मानून पेढे वाटायला लावतो. पण मी उभा राहिलो. का ते विचारू नका. मी पुढं गेलो, डावी बाजू लोकांकडं केली, छातीवर हात ठेवला, तोच बिजागरीचा आवाज काढला आणि म्हटलं, “आई, मी जातो. रडू नको. माझ्या वाटणीचा घास झाकून ठेव. मी परत येईन.”

कुणी हसलं नाही. मलाही ते नको होतं, असं आज वाटतं. मास्टर नारळाची पिशवी मांडीवर धरून खाली बघत होते. मी जागेवर जायला वळलो.

“चुकलं,” मास्टर म्हणाले.

“काय?”

“‘रडू नको’ झाल्यावर श्वास घ्यायचा. मग ‘माझ्या वाटणीचा’. पोराला साप चावलाय. एका दमात कसं म्हणेल तो?” ते फार सावकाश बोलत होते, स्वतःच्याच आवाजात. “घेतला होता त्यानं तिथं श्वास.”

नव्या साहेबाला यातलं काहीच कळत नव्हतं. त्यानं सहज विचारलं, “तुम्हाला हो कसं माहीत?”

मास्टरांनी बशीवरची बशी काढून बाजूला ठेवली.

“मी होतो ना तिथं,” ते म्हणाले, आणि त्यांनी हळूच खुर्ची फिरवून डावी बाजू आमच्याकडं केली.